अभ्यासकाने सोडलेला डाव

बाबा, रविवारी दुपारी माझ्या जेवणाच्या टेबलावर तुम्ही मरता मरता वाचलात, म्हणून लिहायला बसले. तुमची नात तुम्ही गेल्यावर जन्मली. आता ती कॉलेजात आहे आणि सुट्टीच्या दिवशी मित्र जमवून एक खेळ खेळते. पत्ते नाहीत, नीटसा पटही नाही. एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. अशा प्रत्येक जातकुळीला ही मुलं ‘क्लास’ म्हणतात, आणि कोणाचं काय फळलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्ट चालवते ती माझी लेक. तिने स्वतःच्या डोक्याने एक नवा क्लास बनवला, ‘अभ्यासक’ नावाचा. मला म्हणाली, “आई, तू सगळ्या शहराची सालं काढतेस, याचीही काढ. एकदा खेळून पाहा आणि सांग, ठेवू की फेकू. तू फेक म्हणालीस तर फेकीन.” हसत म्हणाली, पण चेहरा हसत नव्हता. पेपरात सदर लिहून माझी जीभ काय करू शकते, ते तिला घरातच कळलेलं आहे.

तर ऐका समीक्षा. सुरुवातीच्या पातळीला हा क्लास म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडातला प्राध्यापक. जीव चिमणीएवढा, हातात शस्त्र नाही, अंगावर चिलखत नाही, आणि त्याच्या सामानाची राखण बाकीच्यांनी करायची. विद्या एकच. लढाई ऐन रंगात आली की त्याने स्वतःचा डाव सोडायचा आणि म्हणायचं, “थांबा, पाहून सांगतो.” मग पुढच्या डावाला समोरच्या वस्तूबद्दल एक प्रश्न विचारायचा, त्याचं खरं उत्तर मिळतं. न पाहता ठोकून द्यायचं असेल तर तीही मुभा आहे, फासा टाकायचा. पण चुकला तर शिक्षा त्या एकट्याला नाही, सगळ्या टोळीला. तिने लिहून दिलेले नियम वाचता वाचता मी थांबले. “हे कुठून आणलंस?” “तूच सांगतेस की आजोबांचं,” ती म्हणाली. “पाटवडीचा किस्सा.”

सांगते खरी. पंचवीस वर्षं चारचौघांत सांगून हशा घेते आहे. आईचं आणि आत्याचं स्वयंपाकघरात जुंपलेलं, पाटवडीच्या रश्शात खसखस आधी का खोबरं आधी. दोघी तुमच्याकडे वळल्या. तुम्ही इतिहासाचे प्राध्यापक, रश्शाचा तुमचा काय संबंध, पण “थांबा, पाहून सांगतो,” म्हणून खोलीत गेलात ते आत्या जेवून, भांडी घासून, बसने पारशिवनीला परत गेल्यावर बाहेर आलात. “दोन्ही चालते,” असा निकाल दिलात. किस्सा माझ्याकडे इथेच संपतो, लोक हसतात. पोरीने त्याच किश्शातून एक शक्ती घडवली, आणि तिला काय ऐकू आलं होतं ते मला टेबलावर बसेपर्यंत कळलं नव्हतं.

शिक्षेच्या नियमावर मी चिडलेच. म्हटलं, हा अन्याय आहे, एकाच्या चुकीला सगळे का भरडायचे? आणि बोलता बोलता माझ्या हातातला फासा थंड लागायला लागला. मी सोळा-सतरा वर्षांची आहे. वस्तीतल्या एका पुढाऱ्यावर मी पहिलं खुसखुशीत काहीतरी लिहिलं आहे, आणि तुम्ही ओट्याला टेकून ते वाचताय. “हे तुनं डोळ्यानं पाहिलं का?” “ऐकलं.” “मंग ऐकलं असंच लिही. आपल्या घरात वाचणारी ही दुसरीच पिढी. आपल्यातला एक चुकला का सगळेच चुकले धरतात वं.” तेव्हा मला तुम्ही भित्रे वाटला होतात. तुमचे वडील दीक्षाभूमीवरून नवा धम्म घेऊन आले, तेव्हा घरात एकही पुस्तक नव्हतं, आणि तुम्हाला न पाहता बोलणं परवडत नव्हतं, हे मी वाक्य म्हणून भाषणांतून कितीदा तरी म्हटलं असेल. नियम म्हणून अंगावर आलं ते रविवारी.

खेळात आम्ही एका बुडालेल्या नगराच्या वेशीशी पोचलो होतो. वेशीवर दगडाचा राखणदार, ताडाएवढा. टोळीत दोन पोरं. बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत इंजिनियर असलेला योद्धा, आणि इतवारीतल्या भांडेवाल्याचा मुलगा चोर, जो खेळातही भाव केल्याशिवाय तलवार घेत नाही. दोघे तुटून पडले. माझा डाव आला. मी म्हटलं, “थांबा, पाहून सांगतो.” दगडी मूठ खाली आली, योद्धा अर्धमेला, आणि तिचा वारा लागून अभ्यासकाच्या जिवातला एकच ठिपका उरला. “काकू,” योद्धा कळवळला, “तुमचा मास्तर काही करून राहिला का नुसता पाहूनच राहिला? इथं मले कुटून राहिले ना!” चोर म्हणाला, “थांब बे, काकू पेपरात छापून सांगतील, सकाळी वाच.” सगळे हसले. मीही. कूलर घरघरत होता, आणि त्या आवाजाच्या आडून खोलीतली खुर्ची सरकल्यासारखं मला स्पष्ट ऐकू आलं. माझ्या घरात तशी खुर्ची नाही, बाबा. तुमच्याकडे होती, लाकडी, एक पाय आखूड.

पुढच्या डावाला मी राखणदाराचा कच्चा दुवा विचारणार होते. तोंडून निघालं, “हा कोणाची वाट पाहून राहिला?” लेकीने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. म्हणाली, “याचा धनी सांगून गेला होता, मी येतो, तोवर थांब. धनी केव्हाच मेला. याला कोणी सांगितलंच नाही.” “मग आपण सांगू ना,” चोर म्हणाला. “चालेल. पण धन्याच्या आवाजात सांगावं लागेल.” आणि पेपरासाठी घासूनपुसून गुळगुळीत केलेली माझी मराठी बाजूला सरली, घसा खाकरला गेला, तो मी खाकरला नव्हता. “बस झालं गा. येतच नाही मी. जा, जेवून घे.” मग फासा टाकला, पुरेसा पडला. राखणदार खाली बसला. योद्धा हळूच म्हणाला, “काकू, काटा आला ना.”

तुम्हाला आठवतं का, पेपरातलं माझं पहिलं सदर मी तुमच्या हातात दिलं होतं? “कसं झालं, बाबा?” “थांब, पाहून सांगतो.” कात्रण घेऊन खोलीत गेलात, आणि त्याच आठवड्यात तुमचं हृदय थांबलं. दवाखान्याने चष्मा, पेन आणि घड्याळ परत दिलं. कात्रण त्यात नव्हतं, खोलीतही नव्हतं. मी गादीखालीसुद्धा पाहिलं.

पोरं गेल्यावर लेक म्हणाली, “मग? ठेवू की फेकू?” मी म्हटलं, “थांब, पाहून सांगते,” आणि कप उचलून आत गेले. नळाखाली हात धरला आणि निकालाची वाट पाहणारा तिचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तो चेहरा मला आरशातून नाही, आतून ओळखीचा आहे. तसाच ओला हात घेऊन बाहेर आले. म्हटलं, “ठेव. जीव थोडा वाढव त्याचा, बिचारा लवकर मरतो. पण तो सोडलेला डाव तसाच ठेव. आणि शिक्षेचा नियमही. अन्याय आहे, पण खरा आहे.” ती फासे गोळा करत राहिली, त्यातला एक तिच्या हातून दोनदा सुटला.

हे पत्र कुठे पाठवणार? आणि पाठवलं तर तुमचं उत्तर मला पाठ आहे. राखणदाराला मी तुमच्याच आवाजात जेवून घ्यायला सांगितलं, तो ऐकून बसलाही. एवढंच सांगायचं राहिलं, बाबा, की मी जेवले नाही अजून.