लाल रेघेवरची टाइल

बाबा,

तुमची लाल रेघ मी झाकली. आधी तेच सांगून टाकते, नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मुद्द्यावर येणारच नाही. हेंद्रेपाड्याचा फ्लॅट विकायला काढलाय. ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. माझी किडनी ह्यांना जुळली, एवढं एकच काय ते नीट झालंय. पण पैसे भरल्याशिवाय ऑपरेशनची तारीख मिळत नाही, आणि विकण्यासारखं आपल्याकडे दुसरं आहे काय? तुम्ही गेल्यापासून फ्लॅट भाड्यानेच होता. शेवटचा भाडेकरू भिंती काळ्या करून, बेसिनचा नळ मोडून गेला. एजंट आला, दोन खोल्यांत फिरला, नाक मुरडलं आणि म्हणाला, "ताई, ग्राउंड फ्लोअर, त्यात नदीची बाजू. ह्या अवस्थेत मी पार्टी आणणार नाही. कमी खर्चात चकाचक करा, मग बघू." मग हॉलच्या भिंतीवरच्या रेघेकडे बोट करून म्हणाला, "आणि हे आधी घालवा."

तुम्ही ती काढलीत तो दिवस मला अजून दिसतो. पूर ओसरून तीन दिवस झालेत. घरात घोटाभर चिखल, भिजलेल्या तांदळाचा आंबूस वास. आई स्वयंपाकघरात डब्यांतला गाळ उपसतेय आणि तुम्ही कारखान्यातून आणलेला लेव्हल पाइप घेऊन भिंतीला भिडलाय. पारदर्शक पाइपात पाणी भरलंय, एक टोक माझ्या हातात, दुसरं तुमच्या. पुराने भिंतीवर सोडलेला डाग वेडावाकडा होता, पुसट होता. तुम्हाला तो चारी भिंतींवर एका पातळीत हवा होता. सगळं आयुष्य अंबरनाथला फिटर म्हणून काढलेला माणूस, चिखलात उभा राहूनसुद्धा वाकडी रेघ चालायची नाही! आई वैतागली, "अहो, घरात धड चहा नाही आणि भिंती कसल्या मोजताय?" तुम्ही लाल ऑइल पेंटचा ब्रश फिरवत म्हणालात, "उद्या आपण इथं नसू. जो राहायला येईल त्याला कळायला नको?" माझ्या छातीइतक्या उंचीवर ती रेघ होती. नंतर तुम्ही घरातले सगळे प्लगही उपटून रेघेच्या वर नेलेत.

पंचनाम्याला माणूस आला तेव्हा सगळी बिल्डिंग पाणी पंख्याला लागलं म्हणून सांगत होती. मी नुकती कॉलेजला जायला लागलेली, मला वाटलं आपणही हुशारी करावी. हात उंच करून म्हटलं, "साहेब, इथपर्यंत होतं." तुम्ही सगळ्यांदेखत माझं मनगट धरलंत, हात खाली आणलात आणि रेघेवर टेकवलात. "पाणी जिथं आलं तिथंच आलं," एवढंच म्हणालात. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आठ दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. आजही तो राग पुरता गेलाय असं नाही.

तर बाबा, तुमची रेघ जाता जाईना. मिस्त्रीने घासली, पुट्टी भरली, रंगाचे दोन हात मारले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आतून गुलाबी होऊन वर आलेली. मिस्त्रीने हात टेकले. "दीदी, ये ऑइल पेंट है, दस हाथ मारो तो भी झाँकेगा. टाइल लगा दो." हॉलमध्ये छातीपर्यंत टाइल लावतात का कोणी? हॉटेल आहे का ते? पण करणार काय. ह्यांना डायलिसिसला बसवून मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गेले. तिथे एका सिंधी शेठकडे उरलासुरला माल स्वस्त मिळतो. तो म्हणाला, "सेकंड का माल है बहन, दिखेगा फर्स्ट." दोन वेगवेगळ्या लॉटच्या टाइल्स मिळाल्या, एक लॉट दुसऱ्यापेक्षा जरा पिवळट. शेअर रिक्षात पेटी मांडीवर घेऊन आले, हॉलच्या जड पेट्या मागून टेम्पोने. ओटा तुमचाच ठेवला, कडाप्प्याला खोबरेल चोळलं तर नव्यासारखा झाला. कपाटांची दारं मीच रंगवली. संडासातल्या टाइल्स अॅसिडने घासताना हाताची सालं निघाली, आणि मी तिथेच फरशीवर बसून भोकाड पसरलं. कोण होतं ऐकायला! रडून झाल्यावर उरलेला कोपरा घासला. प्लग मात्र खाली आणता आले नाहीत. सगळं वायरिंग परत करायची ऐपत नव्हती.

रविवारी एजंट पार्टी घेऊन आला. सोनिवलीला भाड्याने राहणारं जोडपं, कडेवर रांगतं बाळ. पोरगा जीन्सच्या कारखान्यात शिलाईवर आहे. त्याने सरळ विचारलं, "ताई, पुराचं पाणी आत येतं का हो?" एजंट मोबाइलमध्ये बघायला लागला. मी म्हटलं, "पायरीला लागतं. आत नाही." आवाज जरासुद्धा कापला नाही, बाबा. मलाच नवल वाटलं. तेवढ्यात त्याची बायको भिंतीकडे बघत म्हणाली, "आणि हे प्लग एवढे वर का?"

आणि मी तुम्हाला पुढे केलं. म्हटलं, "माझ्या बाबांनी केलेत. मी लहान होते ना, शॉक लागू नये म्हणून." कॉलेजात जाणारी घोडी होते मी! ती पोरगी हसली. "किती काळजी हो तुमच्या बाबांना! बरंच झालं, आमची पण आता कशालाही हात लावते." तिने बाळाला खाली सोडलं. ते रांगत रांगत भिंतीपाशी गेलं, टाइलला धरून उभं राहिलं. त्याचं डोकं तुमच्या रेघेच्या कितीतरी खाली होतं.

उद्या अॅग्रीमेंट आहे. ह्यांचे पाय सुजलेत, चेहरा राखेसारखा झालाय, आणि काल ते मला म्हणाले, "नको विकूस, बाबांचं घर आहे ते." मी त्यांच्यावरच ओरडले. तुम्ही असतात तर काय केलं असतंत, सांगा ना! माझं मनगट धरलं असतंत? जावई मरू दिला असतात? मला खरंच माहीत नाही, आणि तुम्ही इथे नाही म्हणून मला तुमचा भयंकर राग येतोय.

एक केलंय. खिडकीजवळच्या एका टाइलमागे मिस्त्रीला सिमेंटचा माल भरू दिला नाही, फक्त चार कोपरे चिकटवून घेतलेत. ठोकून बघितलं तर पोकळ वाजते. कधीतरी ती निघेल आणि तुमची रेघ त्यांना दिसेल. पण आत्ता नको, ऑपरेशन झाल्यावर. त्याआधी पाऊस येईल का, हा विचार मी करत नाही.

हे पत्र खरं तर त्या पोरीला लिहायला हवं होतं. तिचा नंबर आहे माझ्याकडे. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही कोणाला सांगणार नाही.