टाकीखालची शाळा

३ नोव्हेंबर, मंगळवार

पाण्याच्या टाकीचा तुकडा पडला. शाळेच्या पटांगणात, अकराला दहा मिनिटं कमी असताना. अकराला मधली सुट्टी होते!

मोठ्या बाईंचा फोन — "तुमच्या वॉर्डातली टाकी आहे, तुम्ही या." शिलाई मशीनवरचं काम तसंच टाकून गेले. तुकडा विटेएवढा. एका बाजूला निळा रंग, दुसऱ्या बाजूला गंजाची लाल रेघ. बाईंनी तो हजेरीपटाशेजारी ठेवला होता. मुलांना सांगितलंय म्हणे, कावळ्याने टाकला.

तो निळा रंग मीच लावून घेतला. गेल्या वर्षी, नगरसेविका म्हणून निवडून आल्यावरचं पहिलं काम. खाली माझं नाव, हातभर अक्षरात. रंगारी खांबांना पुट्टी भरत होता. हे काय, विचारलं तर म्हणाला, "भेगा आहेत ताई. भरल्याशिवाय रंग बसत नाही." मी म्हटलं, छान, नीट भर!

छान. नीट भर.

४ नोव्हेंबर

पाणी खात्याच्या अभियंत्यांकडे गेले. तुकडा पिशवीतून नेला होता. त्यांनी हातातसुद्धा घेतला नाही. "प्लास्टर आहे ताई. प्लास्टर पडतंच. टाकी अजून वीस वर्षं हलत नाही." मग हसून — "तुम्ही शिवण बघा, आम्ही टाकी बघतो."

मीही हसले! का हसले? जिना उतरताना स्वतःचाच राग आला.

७ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी शाळा सुटल्यावर एकटीच टाकीखाली गेले. बारा खांब. शाळेच्या भिंतीकडच्या तिसऱ्या खांबाची पुट्टी निघालीय आणि भेग वर नजर पोचेपर्यंत गेलीय. बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. आतली सळई नखाने खरवडली तर पापुद्रे निघाले. डोक्यावर पाणी हलल्यासारखा आवाज येत होता. पळत बाहेर आले. पन्नाशीची बाई, पळत!

चारशेच्या वर मुलं बसतात तिथे. बहुतेकांचे गणवेश मीच शिवते. नावं आठवत नाहीत, मापं आठवतात. छाती बावीस. बाही सात. दुसरीतली ती एक, जिचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे.

११ नोव्हेंबर

महापालिकेची सर्वसाधारण सभा. टाकी रिकामी करा, बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्या — एवढंच म्हणायचं होतं. कागद टेबलावर ठेवला, तर अक्षरं दिसेनात. चष्मा दुकानातच! तरी बोलले.

आमच्या पक्षाचे गटनेते, ज्यांना सगळे दादा म्हणतात, बसल्याबसल्या म्हणाले, "टाकी रिकामी म्हणजे वॉर्डाला टँकर. टँकर कोणाचे, तेही सांगून टाका ताई."

सभागृह हसलं. माझ्या धाकट्या दिरांचे तीन टँकर आहेत. मला हे सुचलंच नव्हतं. खरंच सुचलं नव्हतं! खाली बसले.

१२ नोव्हेंबर

दीर सकाळीच आले. "वहिनी, एकही टँकर लावणार नाही मी. लिहून देतो. पण तुमच्यामुळे माझं नाव चव्हाट्यावर आलं ना?" चहा न घेताच गेले. जाऊ फोन उचलत नाही.

ह्यांनी काजं करता करता विचारलं, "तुला खात्री आहे का, पडेल म्हणून?"

नाही. खात्री नाही. भीती आहे. भीतीवर सभेत ठराव होत नाही.

१६ नोव्हेंबर

माझ्या लेखी तक्रारीवर आयुक्तांनी मधला मार्ग काढला — तपासणी होईपर्यंत टाकी अर्धीच भरायची. अर्ध्या टाकीने चढावरच्या घरांना पाणी चढेना. दुकानात बायकांची ही गर्दी! सगळ्या माझीच गिऱ्हाइकं. एकीने बेतलेलं कापड परत मागितलं. "दुसरीकडे शिवून घेईन." दुसरी जाता जाता, हसत — "पडली का हो तुमची टाकी?"

रोज उठले की गच्चीवर जाते. टाकी उभी असते. हे म्हणाले, "तिच्याकडे बघतेस तसं लग्न झाल्यापासून माझ्याकडे कधी बघितलं नाहीस." हसू आलं. मग रडूच आलं.

१९ नोव्हेंबर

उभी आहे.

२२ नोव्हेंबर, रविवार

आज मनात काय आलं ते इथेच लिहिते, कुठे बोलणार नाही. गच्चीवरून बघताना वाटलं — आज पडावी. रविवार आहे, शाळा बंद आहे. कोणाला काही होऊ नये, नुसती पडावी, आणि मी खरी ठरावी.

देवा, कसली बाई झाले मी!

२६ नोव्हेंबर, गुरुवार

अहवाल आला. बाहेरचे तज्ज्ञ वगैरे कोणी नाही, त्याच अभियंत्यांची सही. 'टाकी पूर्णपणे सुरक्षित.' आयुक्तांनी दुसरा एक कागद पुढे सरकवला. "आता तक्रार मागे घ्या. लोकांना पाणी द्यायचंय." दादा शेजारीच बसलेले. "घाबरट माणसाला पुढच्या वेळी तिकीट मिळत नाही, ताई."

सही केली. घरी येऊन पोटभर जेवले आणि दुपारी गाढ झोपले. कितीतरी दिवसांनी. एवढा शिकलेला माणूस सही करतो, म्हणजे त्याला माझ्या बोटापेक्षा जास्त कळत असणार. असणारच.

२८ नोव्हेंबर

टाकी काठोकाठ भरली. चढावर पाणी आलं. जाऊने आपणहून फोन केला. मी गच्चीवर गेले नाही.

३० नोव्हेंबर, सोमवार

दुकान उघडत होते तोच एक बाई आल्या, दोन मुलींना घेऊन. दुसऱ्या शाळेचे गणवेश हवेत, परवापर्यंत. मुलींच्या अंगावर अजून टाकीखालच्याच शाळेचे, मी शिवलेले.

"वर्षाच्या मध्येच बदलली शाळा?"

"ह्यांनी शुक्रवारी दाखले काढले. कारण सांगत नाहीत."

"काय करतात मिस्टर?"

"पाणी खात्यात अभियंता आहेत." सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या. आणि बघतच राहिल्या.

ह्या बाजारात पाच शिंप्यांची दुकानं आहेत, आणि त्या माझ्याकडे आल्या.

टेप गळ्यात तसाच ठेवून शाळेकडे धावले. मोठ्या बाईंना म्हटलं, घंटा द्या — आत्ता, माझ्या जबाबदारीवर! सगळी मुलं पार पलीकडच्या चौकापर्यंत नेऊन मगच थांबलो. शाळेच्या फाटकाला मी कुलूप घातलंय. आयुक्तांचे सहा फोन येऊन गेले. किल्ली देणार नाही.