फ्लशच्या टाकीत हळद

द्वारका, नवी दिल्ली
रविवार दुपार

आदरणीय साडभाऊ हरिदासजी यांस,

दादारावचा सप्रेम जयभीम. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही बरे असाल असे धरून चालतो. गिरिजाताईंच्या गुडघ्याचे टाके निघाले का? आमची कौसल्या बहिणीच्या सेवेला तुमच्याकडे आली आहे, तिचे तिकीट वीस तारखेचे आहे, पण हवे तर आणखी राहू द्या. फक्त हे पत्र तिच्या हाती पडू देऊ नका. (फोन केला असता, पण या फ्लॅटात भिंतीपलीकडचे सगळे ऐकू येते आणि विषय तसा आहे.)

विषय असा की आमच्या कमोडच्या बुडाशी पाणी येते. रोज, वाटीभर. कुठून, ते कोणालाच कळेना. सिद्धांतने (मुलगा म्हणून सांगत नाही, पण ऑफिसात त्याच्या सहीशिवाय कागद हलत नाही) जेटच्या पाइपवर संशय घेऊन तो बदलला. पाणी आलेच. मग प्लंबर आला. तो म्हणाला, टाकीला घाम येतो. मी म्हटले, भाऊ, जूनमध्ये दिल्लीच्या टाकीतल्या पाण्याचा चहा होईल, तिला कसला घाम? तर म्हणतो, "अंकल जी, तो फिर ऊपर वालों का होगा." वर पाहिले तर छत कोरडे. प्लंबर गेला, पाणी राहिले.

सगळे संशयित सुटल्यावर घरात एकच उरला, आणि तो मी. तोंडाने कोणी म्हटले नाही. पण सूनबाई दीपमाला चहा देताना हळूच म्हणाली, "बाबा, बसूनच करत जा ना, सोपं पडतं." आणि सिद्धांतने माझ्या खोलीत मोठ्यांच्या डायपरचे एक पुडके आणून ठेवले. त्यावर माझ्याच वयाचा एक म्हातारा हसतो आहे. (एवढे हसण्यासारखे काय आहे, समजले नाही.) साडभाऊ, एकतीस वर्षे मी वनखात्याच्या डेपोत चौकीदारी केली, एक ओंडका इकडचा तिकडे झाला नाही. कौसल्या येण्याआधी मला एवढेच कळायला हवे होते की गळते कोण, कमोड की मी. खरे सांगतो, मलाही खात्री नव्हती.

शेवटी नात श्रावस्ती (सातवीत आहे, म्हणजे माझ्याइतकीच शिकलेली) हिने फोनमध्ये पाहून सांगितले, "आजोबा, टँकमध्ये कलर टाका, ब्लूवाला. फिर फ्लश करा. खाली ब्लू आला तर कमोडची गलती." उपाय मला पटला. घरात निळा रंग होता, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतला उरलेला गुलाल. पण पुडी हातात घेतली आणि थांबलो. जो गुलाल कपाळाला लावून नाचलो, तो संडासात टाकू? माझ्याने होईना. पुडी परत कपाटात ठेवली आणि स्वयंपाकघरातून चार चमचे हळद आणून टाकीत टाकली. रंग तो रंग.

कमोडभोवती पांढरे कागद पसरले, फ्लश ओढला आणि पाच मिनिटांत कागद कडेने पिवळे झाले. मला इतका आनंद झाला की मी साऱ्या घराला हाका मारल्या, या, पुरावा पाहा! सिद्धांत आणि दीपमाला धावत आले. दोघांनी कागदांकडे पाहिले, मग एकमेकांकडे, मग माझ्याकडे. सिद्धांत फार मायेने म्हणाला, "होतं बाबा या वयात. आपण डॉक्टरला दाखवू." मी म्हटले, अरे, हळद आहे, हुंगून पाहा! कोणी पुढे झाले नाही. श्रावस्ती म्हणाली, "मी तर ब्लू बोलले होते, यार."

तेव्हापासून जेवणात हळद दिसली तरी सगळे माझ्याकडे पाहतात. काय करावे सुचत नाही.

आपला
दादाराव

ता. क. सोमवार. पत्र टाकायचे राहिले ते बरे झाले. आज दुसरा प्लंबर आला. त्याने कमोड दोन्ही हातांनी धरून हलवला, तर तो पडायला आलेल्या दातासारखा डुलला. "सीट हिल रही है जी, नीचे का जोड़ खुल गया." मी म्हटले, जरा जोरात सांगा, मुलगा बाहेर बसला आहे. नवा जोड घातला, कडेने पांढरे सिमेंट भरले. दीपमालाने शिरा केला. सिद्धांत पुडके उचलून घेऊन गेला. माझ्याकडे पाहिले मात्र नाही.

ता. क. दुसरा. शुक्रवार. चार दिवस फरशी कोरडी होती. आज सकाळी पुन्हा ओली. प्लंबरला बोलावले नाही. कमोड हलवून पाहिला, जागचा हलला नाही. सिमेंटवर बोट फिरवले, ठणठणीत कोरडे. ओले होते ते पुढे, वीतभर अंतरावर. मी माझ्या पंच्याने पुसून घेतले, कोणी उठले नव्हते.

तर मागच्या वर्षी तुम्ही लघवीचे जे ऑपरेशन करून घेतले, त्या डॉक्टरांचे नाव आणि दवाखान्याच्या वेळा बंद पाकिटातून कळवा. कौसल्येला न्यायला म्हणून मीच तिकडे येतो. घरी कोणता आजार सांगू, तेही सुचवा. हर्निया तुम्ही वापरून टाकला आहे.