श्वास घ्यायची जागा

शुब्रा, कैरो

बाबा, आधी तुमच्या हाताला ओठ टेकवते, मग पुढचं लिहिते.

मी मजेत आहे. नाताळचे उपास चालू आहेत. मावशी बाकल्याचे दाणे शिजवते, मी दोन-दोन वाट्या खाते.

मोठ्या चर्चच्या गायनवृंदाची निवड शुक्रवारी आहे. मी नाव दिलं, खोडलं, पुन्हा दिलं. इथल्या मुली कागदावर बघून गातात, मला तुमच्या तोंडून ऐकलेलं तेवढंच येतं. मावशी ओरडते, "अगं, बस की जरा! माझी सतरंजी झिजवशील!"

काल गायनवृंद शिकवणाऱ्या उस्ताद वग्दींना नाताळचं स्तोत्र ऐकवलं. त्यातला लांबलचक 'आ' आला आणि त्यांनी हात वर केला.

"मध्येच का थांबलीस, पोरी?"

"इथे श्वास घ्यायचाच असतो. बाबांनी असंच शिकवलंय."

ते हसले नाहीत. "इथे कुणीच थांबत नाही गं. तुझ्या बाबांना दम लागत असेल."

तेव्हापासून मला चैन नाही. मावशीकडे आपल्या गावच्या चर्चची पंधरा वर्षांपूर्वीची टेप सापडली. तिच्यात तुम्ही तो 'आ' एका दमात ओढलाय.

आज मलाही तसाच जमला. म्हणजे तयारी झाली म्हणायची. पण बाबा, जिना चढतानाही थांबावं लागतं का? आईला माहीत आहे?

शुक्रवारच्या आत खरं काय ते कळवा. नाहीतर निवडीतही त्या जागी मी थांबेनच.

तुमच्याच गळ्यातून शिकलेली,
दमियाना