सरांनी माझे जिवाणू लाडावले

२७ ऑक्टो., सोम.
लाभपाचम झाली, दिवाळीची सुट्टी संपली, लॅब उघडली. दारातच सर, माझे गाइड. ‘साल मुबारक!’ आणि लगेच माझी प्लेट पुढे. ‘जो तो खरी, केवुं सरस वध्युं छे!’ बघ, किती छान वाढलंय म्हणे.
प्लेटवर जाड, चकचकीत थर, सायीसारखा. माझे जिवाणू असे कधीच दिसत नाहीत. नाल्याच्या गाळातून काढलेले, क्लोरीनवालं विष खाऊन जगणारे, किडकिडीत. काय घातलंत, विचारलं. साखर, पेप्टोन, सगळं म्हणे. दिवाळीत बिचारे उपाशी कशाला!
प्लेट घेऊन माझ्या टेबलाकडे गेले.

२८ ऑक्टो., मंगळ.
विष पचवायची जनुकं या जिवाणूंत डीएनएच्या वेगळ्या, छोट्या कड्यावर असतात. विष नसेल आणि आयतं खायला मिळालं की हा भार ते टाकून देतात. म्हणून तर माझ्या प्लेटमध्ये विषाशिवाय दुसरं अन्न नसतं. आणि हे मला शिकवलं कोणी? सरांनीच!!
जनुक तपासलं. नाही. परत तपासलं. नाहीच.

३ नोव्हें., सोम.
सरांना सांगितलं. फ्रीझरमध्ये मूळ जिवाणूंची जुनी कुपी आहे, तिच्यातून पुन्हा वाढवते, पण टाकीभर व्हायला वेळ लागेल. गावात टाकीतलं पाणी जिवाणूंनी शुद्ध करून दाखवायचा कार्यक्रम पुढे ढकला.
‘गेस्ट आवे छे, बेन. पुराना ग्राफ लगा दो. ग्राफ तो सच्चा है ना?’
विष कमी होत गेल्याचा तो ग्राफ खरा आहे. माझाच आहे, खाली नावही माझं. पण टाकीत ओतणार हे जाडे, निकामी! नाल्याकाठच्या त्या गावात हातपंपाच्या पाण्याला औषधासारखा वास येतो. टाकीतलं पाणी शुद्ध झालं असं आम्ही सांगणार, फोटो काढणार, आणि बायका तेच घरी नेणार. पोरांना पाजणार.
डोकं फुटायची वेळ आलीय.

९ नोव्हें., रवि.
बाबांना सगळं सांगितलं. ‘भांडू नकोस. पीएचडी त्यांच्या सहीवर आहे.’ जन्मभर कारखान्यात साहेबांना हो म्हणत काढलेला माणूस, दुसरं काय सांगणार? हेच मी त्यांना तोंडावर बोलले. बाबा न जेवता उठले. माझंही जेवण गेलं.

१४ नोव्हें., शुक्र.
उद्या सकाळी गाडी. सरांच्या जिवाणूंचे कॅन भरून तयार.
मीही तयारी केली. दोन नळ्या. दोन्हींत फक्त विष. एकीत सरांचे जाडे, दुसरीत कुपीतून जगवलेले माझे. विष फुटलं की त्यातून क्लोराइड सुटतं आणि सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला की ते दुधाळ होतं. सरांची नळी तशीच राहिली. माझी पांढरीफटक झाली! लॅबमध्ये एकटीच रडले.
बुचं घट्ट लावून नळ्या घरी आणल्या. उद्या गावात, सगळ्यांसमोर दाखवणार. सही मिळो न मिळो.
बाबा रविवारपासून बोलत नव्हते. आज आपणहून टेबलापाशी आले, चष्मा लावून दोन्ही नळ्या उजेडात धरल्या. मग सरांची नळी माझ्या हातात दिली.
‘ही साधली बघ तुला. कसं नितळ पाणी आहे.’