टाचांखालची उशी

३ मार्च
आलो बाई एकदाच्या! आईची चाकाची खुर्ची, माझ्या कात्र्या आणि दोन ट्रंका, एवढाच आम्हा मायलेकींचा संसार. विश्रामगृहाची बाग सांभाळायची, राहायला मागची खोली. मालकीणबाई भल्या वाटल्या. कुंपणावर मात्र कुठलीशी परदेशी वेल माजलीय. पानं चकचकीत, वास सुरेख. खिडकीतून दिसते म्हणून आई खूश. आठ वर्षांत तिचे पाय हलले नाहीत. निदान डोळ्यांना तरी हिरवं मिळालं.

७ मार्च
वेलीने गुलाबांचा गळाच धरलाय. मालकीणबाई म्हणाल्या, आधीचा माळी ती उपटून जाळायचा. जाळायची? छे! कापलेलं वाया घालवायचं नाही, ही माझी जुनी खोड. तुकडे करून सगळ्या वाफ्यांवर पसरले. उरलेली वेल उन्हात टाकली आणि ती भरून आईच्या टाचांखाली ठेवायला मऊ उशी शिवली. पडून पडून टाचांना जखमा होतात ना. आई म्हणाली, उद्या मलाही खतात घालशील. खूप हसलो.

१५ मार्च
घात झाला. तुकड्या-तुकड्याला मुळं फुटलीत. एकीच्या शंभर झाल्या. गुलाब गेले. उपटताना पेर तुटलं, की दुप्पट जोमाने येते. अक्कल गहाण ठेवली होती मी!
पण आई म्हणते, पायांना गुदगुल्या होतात. आठ वर्षांनी! मी रडलेच.

१८ मार्च
आईचा अंगठा हलला! डॉक्टर फोनवर म्हणाले, शक्यच नाही. म्हटलं, गेलात उडत.
संध्याकाळी आई हळूच म्हणाली, की तिने तो हलवला नव्हता.

१९ मार्च
चादर काढली. उशी फाटलीय, आत सगळं हिरवं. मुळं टाचांमधून आत गेलीत— रक्त नाही. रोज ओल्या फडक्याने पाय पुसायचे मी. मीच पाणी घातलं.
कात्री उचलली तर आईने हात धरला. कापू नकोस, म्हणाली, पाय माझे आहेत. आणि कापून तरी— एकीच्या शंभर—

२० मार्च
आई गुडघ्यापर्यंत हिरवी. रुग्णवाहिका बाहेर उभी आहे, पण वेलीने फाटक आवळलंय. अवजारांच्या खोलीत करवत शोधतेय. कुणाला तरी कळावं म्हणून लिहितेय—

पावलं वाजतायत.

आई. दारात. उभी. हेच तर मागत होते मी, देवा, पण असं—
ती रडतेय. पळ म्हणतेय, पोरी पळ, पाय माझं ऐकत ना—