दोन रिंगा

वॉटफर्ड,
जून १९९१

प्रिय मधू,

अक्षर मोठं आणि सुटं काढतेय, म्हणजे वाचताना तू अडायला नकोस. इंग्लिशमध्ये लिहिलं असतं तर भराभर वाचलं असतंस, पण घाबरले की मला इंग्लिश सुचत नाही. आणि या आठवड्यात मराठीची तरी कुठे धड शुद्ध आहे? काल मिल्कमनसाठी रिकाम्या बाटल्यांऐवजी लोणच्याची बरणी दारात ठेवून आले. मधू, तू आहेस कुठे? ऑस्ट्रेलियातल्या त्या मारी गावाहून निघालीस तेवढं कळलं. ऊडनाडाटाला तू केव्हाच पोचायला हवी होतीस, आणि तिथे तुला कुणी पाहिलेलंच नाही.

तुझं मागचं पत्र मी फ्रिजवर लावलंय आणि येता-जाता वाचते. रस्ता लाल मातीचा, पन्हाळी पत्र्यासारखा, दिवसभर सायकल हाणून दात खुळखुळतात, असं लिहिलंयस. एखादा ट्रक गेला तर गेला, मग धूळ खाली बसेपर्यंत हँडल धरून उभं राहायचं, आणि संध्याकाळी जिथे पाय थकतील तिथे तंबू ठोकायचा. एवढं सगळं किती आनंदात लिहिलंस गं. मला मात्र त्यातला ट्रकच दिसत राहतो. कॅनॉलच्या काठाने तू सायकल शिकलीस तेव्हा मी पाण्याच्या बाजूने पळायचे, साडी खोचून, आणि तू ओरडायचीस की माझा सायकल सोड. माझी सायकल म्हण, मग सोडते, असं म्हणत मी मुद्दाम धरून ठेवायचे. तू कधीच नीट म्हणाली नाहीस. शेवटी हात दुखले म्हणून सोडली.

तू निघालीस तेव्हा मी एकच अट घातली होती. जिथे फोन दिसेल तिथून घरी दोन रिंगा द्यायच्या आणि कुणी उचलायच्या आत ठेवून द्यायचं, म्हणजे पैसे पडत नाहीत आणि पोचल्याचं कळतं. आमच्या पिढीचा हा हिशेब तुला चीटिंग वाटतो. पण या देशात आलो तेव्हा सगळ्यांनी असंच केलं. कुणाकडे जेवायला जा, मुक्कामाला जा, घरी परतल्यावर दोन रिंगा. माझ्याकडून निघालेल्या माणसाने रिंगा दिल्या नाहीत तर मला झोप लागत नाही, हे हाउन्सलोपासून मेडनहेडपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. सुलक्षणाला रिंगा द्या, नाहीतर ती पोलीस पाठवेल, अशी माझी चेष्टाही होते. तू मात्र हसत का होईना, शब्द पाळलास. दर गावाहून रिंगा यायच्या, मी मोजायच्या आणि देवापुढे साखर ठेवायची.

आणि याच रिंगांनी घात केला बघ. मागच्या गुरुवारी वैजयंतीमावशी आणि मोहनकाका जेवायला आले होते. इथून ते मेडनहेडला तिच्या दिरांकडे राहायला जाणार होते, म्हणून त्यांच्या रिंगेची मी वाट पाहत नव्हते. तुझी पाहत होते. आधीच उशीर झालेला. बाबा दोन दिवस मागे लागले होते की ऑस्ट्रेलियन पोलिसांना फोन करू, आणि मीच म्हणत होते, थांबा जरा, पोरगी चिडेल. भांडी आवरत होते तेवढ्यात फोन वाजला. दोन रिंगा, आणि बंद. मी ओल्या हातांनी बाबांना मिठी मारली, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी. ऊडनाडाटाहून पोरीच्या रिंगा आल्या, आता तरी गप्प बसा, असं वर ऐकवलं. बाबा शांत झोपले. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये जाऊन लोकांना भूल देत राहिले. मी शिरा केला.

रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये वैजयंती सहज म्हणाली, अगं, दिरांकडे पाहुणे होते, म्हणून गुरुवारी आम्ही सरळ आमच्या घरी हाउन्सलोला गेलो, पोचल्याच्या रिंगा दिल्या होत्या ना, मिळाल्या का? माझ्या हातात बटाटेवड्यांचा ट्रे होता. तो कुणी घेतला, मी खुर्चीवर कशी बसले, काही आठवत नाही. वैजयंती बिचारी तेव्हापासून रोज येते आणि माझ्याआधी रडते. तिचा काय दोष? तिने माझ्याच धाकाने रिंगा दिल्या. पण तू रानात कुठे अडकली असशील आणि आम्ही इथे शिरा खात होतो, हे काही केल्या मनातून जात नाही.

घरी येऊन लगेच तिकडच्या पोलिसांना फोन लावला. तिथला सार्जंट भला माणूस वाटला, पण बोलणं इतकं संथ की त्याला हलवावंसं वाटत होतं. तो म्हणाला, दोन्ही गावांच्या मध्ये मोठा पाऊस झालाय, ओढे भरलेत, रस्ता बंद आहे, मातीचा चिखल झाला की तिथे ट्रकसुद्धा रुततात. ढग हटले की विमान फिरवतील. मग त्याने विचारलं, तंबूचा रंग कोणता? मला माहीत नव्हता. तुझ्या बॅगेत मेतकूट किती, सुंठ कुठल्या कप्प्यात, सगळं माहीत होतं, आणि विमानातून शोधायचं ते माहीत नव्हतं. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. नारिंगी, म्हणाले, आतून पिवळट, दार डाव्या बाजूला, चेन खाली अडकते. मी बघतच राहिले. तू जाणार म्हणून महिनाभर तुझ्याशी धड न बोललेला माणूस. एप्रिलमध्ये तू मागच्या गार्डनमध्ये तंबू लावून पाहिलास ना, तेव्हा तू बाहेर गेल्यावर ते त्यात जाऊन झोपले होते. रात्री तुला आतून काय दिसेल ते बघायचं होतं, म्हणाले.

आता हे पत्र का लिहितेय ते सांगते. बाबा उद्या निघतायत. रजा टाकली, मोहनकाका त्यांना हीथ्रोला सोडणार आहेत. निघण्याआधी बाबा लायब्ररीत जाऊन या पत्राच्या झेरॉक्स काढतील आणि तिकडे पोचल्यावर तुझ्या त्या रस्त्यावरच्या प्रत्येक पबमध्ये, पेट्रोल स्टेशनवर, गुरांच्या फार्मवर एकेक ठेवत जातील, कारण तू कुठून बाहेर येशील ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणजे हे तुझ्या हातात पडलं असेल तर तू कुणाच्या तरी छपराखाली आहेस. तिथून हलू नकोस. लोक सांगतील की तुझे बाबा शोधायला पुढे गेलेत, आणि तू लगेच सायकल काढशील, ओळखते मी तुला. काढू नकोस. रस्ता एकच आहे, ते त्यानेच परत येतील. आले की मला काही झालं नव्हतं असं सांगत बसू नकोस, त्यांना तुझ्याकडे नुसतं बघू दे. त्यांना पोचायला वेळ लागेल, तोवर मला फोन कर. पहिल्या घंटेलाच उचलेन. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, तरी फोन ठेवू नकोस.

तुझीच,
आई